आधी पलीकडची बाजू



दिवाळीच्या सुट्टीत माझी नात चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. ती यंदा दहावीत आहे. एके दिवशी सकाळी ती इंग्रजीची वही घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, ''आजोबा, हे जरा वाचून बघा ना. पटतंय का सांगा.''

दहावीच्या इंग्रजीत हल्ली 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' नावाचा एक लेखनप्रकार असतो. एखाद्या विषयावरील एका बाजूची मते दिलेली असतात आणि विद्यार्थ्याने त्याच्या विरुद्ध बाजू लिहावयाची असते. तिला मिळालेला विषय होता ऑनलाइन खरेदीचा. ऑनलाइन खरेदी ग्राहकाच्या कशी हिताची आहे, हे प्रश्नात दिले होते. तिने दुकानातील खरेदीची बाजू मांडावयाची होती. माझ्या जावयांचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान आहे, त्यामुळे हा विषय तिच्या अगदी घरचाच.

लेखन खरोखर चांगले होते. आरंभी वाचकाला एक प्रश्न विचारला होता, पुढे लहान लहान ठसठशीत वाक्ये होती, शेवटी एक आवाहन होते. मध्यभागी मात्र एक वाक्य असे होते की, 85 टक्के ग्राहकांची ऑनलाइन खरेदीत फसवणूक होते. मी विचारले, ''हा आकडा कुठून मिळाला?''

ती मुळीच गोंधळली नाही. म्हणाली, ''मीच घातला. आकडा घातला की परिच्छेद वजनदार वाटतो. पेपर तपासणारे कुठे शोधत बसणार आहेत? सगळेच घालतात.''

मला राग यावयास हवा होता. परंतु आला नाही. कारण असाच एक आकडा मी स्वतः एकदा विचारपूस न करता स्वीकारला होता, आणि त्याची किंमत एका बँकेने व एका सज्जन व्यापाऱ्याने मोजली होती. त्याची हकिकत पुढे येईलच. आधी या विद्येविषयी थोडे सांगतो.

आपले म्हणणे दुसऱ्यास पटवून देण्याची कला शाळेत शिकवावी, हा विचार फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने तिची तीन साधने सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि विधानामागील तर्क. जगभरातील शाळांत आजही हीच त्रयी शिकवली जाते. आपल्या व्यापारी वाचकांना ती नवी वाटू नये. लग्नाचा बस्ता बांधावयास आलेल्या कुटुंबासमोर गादीवर बसलेला अनुभवी दुकानदार याच तीन गोष्टी करत असतो. पेढीचे तीन पिढ्यांचे नाव ही झाली विश्वासार्हता. 'लेकीला माहेरची आठवण राहील असं पातळ घ्या' ही झाली भावना. आणि सुताचा नंबर, रंगाचा पक्केपणा व दर हा झाला तर्क. आपल्या मुलांना हे सारे ऐकून ऐकून येतेच. मग ते शाळेत कशाला, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. काहींना याहून वेगळी भीती वाटते. वाद घालावयास शिकलेला मुलगा घरात उलट बोलू लागेल, अशी ती भीती.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की, दुकानात आपण जे शिकतो ते बोलणे असते, लिहिणे नव्हे. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून आपण शब्द बदलतो. कागदाला चेहरा नसतो. बँकेकडे अर्ज, करखात्याच्या नोटिशीस उत्तर, भागीदाराशी करावयाचा करार, नगरपालिकेस निवेदन, संस्थेच्या सभेत मांडावयाचा ठराव या सर्व ठिकाणी आपला कागद आपल्या गैरहजेरीत आपली बाजू मांडत असतो. तो दुबळा असेल, तर खरी बाजूही हरते.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. पटवून देण्याची कला आणि युक्तिवादाची शिस्त या दोन गोष्टी एकच नव्हेत. अमेरिकेतील अनेक राज्यांनी 2010 नंतर 'कॉमन कोअर' नावाची शालेय मानके स्वीकारली. त्यांच्या परिशिष्टात हा फरक स्पष्ट केलेला आहे. मन वळवणारे लेखन लेखकाच्या वजनावर किंवा वाचकाच्या भावनेवर उभे राहू शकते; युक्तिवाद मात्र विधानांच्या आणि पुराव्यांच्या बळावर उभा राहावा लागतो. तेथे प्राथमिक वर्गांत मुलांनी आपले मत कारणासह लिहावे अशी अपेक्षा असते. आणि सातवीत येताच विरुद्ध बाजूचे म्हणणे नमूद करणे आवश्यक ठरते. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा अशी की, त्याने आपले म्हणणे मांडताना समोरच्याचेही म्हणणे कागदावर आणावे.

माझ्या मते या साऱ्या विद्येचा गाभा याच एका अटीत आहे. आता ती हकिकत सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका बाजारपेठेच्या गावी बँकेच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. एक भुसार व्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागण्यासाठी आले. मितभाषी गृहस्थ. त्यांचा अर्ज तीन ओळींचा होता. व्यवसाय वाढला आहे, हंगामात रक्कम अपुरी पडते, तरी मर्यादा वाढवून मिळावी, इतकेच. मी त्यावर 'कारणे अपुरी' असा शेरा मारून अर्ज परत केला. ते पुन्हा आले नाहीत. हंगाम साधण्यासाठी त्यांनी बाहेरून चढ्या व्याजाने रक्कम उचलली आणि दोन वर्षांत त्यांचा व्यवसाय निम्म्यावर आला, असे मला नंतर समजले.

त्याच वर्षी दुसरा एक अर्ज आला. टंकलिखित चाळीस पाने, आलेख, रंगीत पुठ्ठ्याचे वेष्टन. एका प्रक्रिया उद्योगाचा प्रकल्प अहवाल होता तो. भाषा ओघवती होती. त्या मालाच्या बाजारपेठेविषयी एक भला मोठा आकडा दिला होता. त्याखाली आधार दिलेला नव्हता. मी तो विचारलाही नाही. अनुकूल शिफारस करून मी प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे धाडले. कर्ज मंजूर झाले आणि दोन वर्षांत खाते थकीत झाले.

चौकशीच्या वेळी ती चाळीस पाने मी पुन्हा वाचली. तेव्हा ध्यानात आले की, त्यांत एक गोष्ट कुठेही नव्हती. भाव पडले तर काय, कच्चा माल मिळाला नाही तर काय, दुसऱ्या कुणी असाच कारखाना काढला तर काय, याविषयी एक ओळसुद्धा नव्हती. विरुद्ध बाजू जणू अस्तित्वातच नव्हती. आणि त्या भुसार व्यापाऱ्यांची बाजू? ती तर आमच्याच खातेवहीत लिहिलेली होती. पाच वर्षांची उलाढाल, एकही धनादेश न परतलेला, हंगामात दरवर्षी मर्यादेला टेकलेले खाते. त्यांना ती मांडता आली नाही आणि मी ती वाचली नाही. मांडण्याचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, आणि मांडणीच्या पलीकडे पाहण्याचे शिक्षण, एम.कॉम. होऊनही, मला मिळाले नव्हते.

नातीला मी हे सांगितले. ती म्हणाली, ''म्हणजे आकडा नाहीच घालायचा का?'' मी म्हटले, ''घालायचा. पण आधी तो कमवायचा.''

मग मी तिला आपल्या घरच्या शिदोरीतून काही काढून दाखवले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. चुकीचा उपदेश करणे, कुणाचे गुपित उघड करणे, खोटा लेख तयार करणे, कुणाची ठेव बुडवणे आणि हावभावांवरून ताडलेले मनोगत फोडणे. ही यादी पाहा. यांतील किती गोष्टी थेट पेढीवरच्या आणि वहीतल्या आहेत! गृहस्थाने, म्हणजे श्रावकाने, सत्य कुठे जपावयाचे ते आचार्यांनी नेमके ओळखले होते. कूटलेख म्हटले की आपल्याला बनावट दस्तऐवज आठवतो. परंतु दहावीच्या वहीतील '85 टक्के' हा त्याच जातीचा लहानसा कोंब नव्हे काय? परीक्षेत त्याला गुण मिळाले, तर पुढे प्रकल्प अहवालात तो घालताना हात कशाला थरथरेल?

ती जरा खट्टू झाली. म्हणून मी तिला त्याच शिदोरीतील दुसरी वस्तू दाखवली. वाद घालणे म्हणजे पाप, असे आपल्या परंपरेने कधीच म्हटलेले नाही. हरिभद्रसूरींनी अष्टकप्रकरणात वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. गर्विष्ठ व दुष्ट बुद्धीच्या माणसाशी घातलेला तो शुष्कवाद. त्यात जिंकले तरी हानी आणि हरले तरी हानी. लाभ आणि कीर्ती यांच्या लोभाने छळ-कपट करत चालतो तो विवाद. आणि तटस्थ, समंजस, शास्त्र जाणणाऱ्या माणसाशी सत्य समजून घेण्यासाठी होतो तो धर्मवाद. शाळेतील वादविवाद स्पर्धा ढालीसाठी असते. त्यामुळे ती विवादाकडे घसरण्याचा संभव असतो, हे शिक्षकांनी व पालकांनी ओळखून असावे. परंतु म्हणून वादच नको, असे होत नाही. त्याला धर्मवादाकडे वळवावयाचे असते.

ते कसे वळवावे, याचीही रीत आपल्याकडे आहे. न्यायदर्शनात अनुमानाची पाच अंगे सांगतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. काय म्हणावयाचे, का म्हणावयाचे, तसे कुठे दिसते, ते येथे कसे लागू पडते आणि म्हणून काय ठरते. भद्रबाहूंच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशवैकालिक निर्युक्तीत मात्र दहा अंगांचे वाक्य सांगितले आहे. त्या दहांत विपक्ष आणि विपक्षाचा प्रतिषेध, तसेच आशंका आणि आशंकेचा प्रतिषेध, ही चार स्वतंत्र अंगे आहेत. म्हणजे दहापैकी चार अंगे समोरच्याच्या म्हणण्याची व त्याच्या शंकांची दखल घेण्यासाठी राखून ठेवलेली! सातवीच्या मुलाकडून परदेशी मानके आज जे मागतात, ते आपल्या पूर्वसूरींनी वाक्याच्या रचनेतच बसवले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकांत म्हणजे 'तुमचेही खरे, आमचेही खरे' असे कुणी म्हणू लागले की, मुले तेच उत्तर परीक्षेत लिहून मोकळी होतात. अनेकांत इतका स्वस्त नाही. स्याद्वादातील 'स्यात्' याचा अर्थ 'कदाचित' असा नाही, तर 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा आहे. कोणत्या अपेक्षेने म्हणता, ते सांगा आणि मग ठामपणे म्हणा, अशी ती शिस्त आहे. स्टीफन टूल्मिन या इंग्रज तत्त्वज्ञाने 1958 साली युक्तिवादाच्या घटकांची जी मांडणी केली, तीत दाव्यास मर्यादा घालणारा शब्द आणि अपवादाची जागा असे दोन घटक आहेत. ती मांडणी आज पाश्चात्त्य शाळा-महाविद्यालयांतून शिकवली जाते. ती वाचताना मला स्याद्वादाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

मग आम्ही कामाला लागलो. मी तिला सांगितले की, तुझी बाजू आज लिहूच नकोस. आधी ऑनलाइन खरेदीची बाजू लिही, आणि अशी लिही की, ती कंपनी चालवणाऱ्यालाही वाटावे, 'आमचे म्हणणे याहून चांगले आम्हालाही मांडता आले नसते.' तिने तीन मुद्दे काढले. दर घरबसल्या ताडून पाहता येतात. खेड्यापाड्यांतही माल घरपोच येतो. आणि माल खराब निघाला तर परत करता येतो. तिसऱ्या मुद्द्यापाशी तिची लेखणी थांबली. हळूच म्हणाली, ''आजोबा, आपल्या दुकानात तर पाटी आहे.''

ती पाटी आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत असते: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

घरी परतल्यावर तिने एका रविवारी वडिलांच्या दुकानात वही घेऊन बसण्याची परवानगी मागितली. त्या दिवशी आलेल्या 23 गिऱ्हाइकांची तिने नोंद केली. त्यांपैकी 14 जणांनी कापड हाताने पारखून, उजेडात नेऊन पाहिले. सहा जणांनी भावाची घासाघीस करून सवलत मिळवली. दोघे मात्र माल परत करावयास आले होते. एकाचे कापड विणीत विरलेले होते. दोघांनाही पाटीकडे बोट दाखवण्यात आले. हे तिने आपल्या लेखात जसेच्या तसे लिहिले. आकडा लहान होता, एका दुकानाचा व एका दिवसाचा होता, आणि तसे तिने स्पष्ट म्हटले होते. परंतु तो तिने कमावलेला होता.

फोनवर तिने मला हे वाचून दाखवले, तेव्हा मी तिला एक गोष्ट आणखी पाहावयास सांगितली. ती व्यापारी वाचकांच्याही उपयोगाची आहे. जुलै 2020 पासून अमलात असलेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2 (47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही तीत अनुचित प्रथा ठरवलेली आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, हे बंधन लागू होते. केवळ नापसंत पडलेल्या मालाची गोष्ट निराळी. तो परत घ्यावा की नाही, हे दुकानाचे धोरण. परंतु सदोष मालास ती सरसकट पाटी लागू पडत नाही.

तिने तो लेख वडिलांच्या हाती दिला. जावयांनी तो वाचला, घडी घालून गल्ल्याखाली ठेवला आणि दोन दिवस त्याविषयी अवाक्षर काढले नाही. माझी मुलगी काळजीत पडली. ''पोरीनं बापाच्याच दुकानाविरुद्ध लिहिलं,'' असे ती मला म्हणाली. मी म्हटले, विरुद्ध नव्हे. दुकानाची बाजू भक्कम व्हावी म्हणून पलीकडची बाजू लिहिली. तिसऱ्या दिवशी जावयांनी मुलीला हाक मारली आणि विचारले, ''मग पाटीवर काय लिहायचं, ते तूच सांग.'' आता तेथे नवी पाटी आहे: मालात दोष आढळल्यास बिल दाखवून 30 दिवसांत परत करावा.

येथे मला वीरचंद राघवजी गांधी यांचे स्मरण होते. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे तरुण प्रतिनिधी, एवढीच त्यांची ओळख आपण सांगतो आणि त्यांच्या वक्तृत्वाचे कौतुक करतो. परंतु त्याआधी सम्मेदशिखराच्या पवित्र डोंगरावर सुरू झालेल्या डुकरांच्या कारखान्याविरुद्ध समाज लढत होता, तेव्हा हेच वीरचंदजी कोलकात्यास जाऊन राहिले आणि तेथील जुने कागदपत्र वाचता यावेत म्हणून बंगाली शिकले. शिकागोच्या व्यासपीठावरील ओघ अशा कष्टांतून आलेला होता. मुलांना भाषणाची टाळ्या मिळवणारी वाक्ये पाठ करून घेताना त्यांची ही बाजूही सांगावयास हवी.

पालकांनी घरी काय करावे, असे मला विचाराल तर चार साध्या गोष्टी सांगेन. मुलाने निबंध वा भाषण दाखवले की, 'छान' म्हणण्याआधी 'हे तुला कसे कळले?' असे विचारावे. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला, हे त्यास लिहावयास लावावे. आधार नसेल, तर आकडा खोडावा आणि वाक्य त्याच्याविना उभे राहते का, ते पाहावे. घरातील लहान निर्णयांत, म्हणजे दुचाकी घ्यावी की नाही, शिकवणी लावावी की नाही, अशा वेळी मुलाला आपली मागणी एका पानावर लिहून मागावी आणि आपला नकार त्यानेच आधी आपल्या वतीने मांडावा अशी अट घालावी. आणि त्याची बाजू खरोखर पटली, तर मोठेपणा बाजूला ठेवून ती मान्य करावी. पटूनही घर बदलत नाही असे मुलाने एकदा पाहिले की, युक्तिवाद हा केवळ परीक्षेचा खेळ आहे, असे त्याला कायमचे वाटू लागते.

आणखी एक लाभ सांगावयाचा राहिला. दामदुप्पट योजना घेऊन येणारे गोड बोलणारे लोक व्यापारी कुटुंबांना नवे नाहीत. विश्वास, भावना आणि आकडा ही तीनही अस्त्रे त्यांच्याकडे असतात. ती अस्त्रे कशी चालतात हे ज्याने शाळेतच शिकले, तो त्यांना दोनच प्रश्न विचारील: आकडा कुठला, आणि तुमच्या योजनेविरुद्ध सर्वांत बळकट मुद्दा कोणता? मी कर्ज विभागाच्या खुर्चीत बसलो असताना हे दोन प्रश्न मला सुचले असते, तर एक चुकीची शिफारस टळली असती आणि एका योग्य माणसास त्याचे न्याय्य कर्ज मिळाले असते.

ते भुसार व्यापारी आज हयात आहेत की नाही, मला ठाऊक नाही. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी मी अनेकांना हात जोडतो. त्यांना जोडावयाचे राहून गेले. त्यांची बाजू त्यांच्या तीन ओळींच्या अर्जात मावली नव्हती. ती येथे थोडीशी मांडली आहे. नातीच्या वहीत गुण किती पडतील, ते शिक्षक ठरवतील. 85 टक्क्यांचे ते वाक्य मात्र तिने स्वतःच्या हाताने खोडले आहे.